बंद पोत्यातली लस

माझ्या थोरल्या भावाच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण होता. वाटाण्याएवढा, जरा खोलगट, कडेने चकाकणारा. तसाच माझ्याही दंडावर आहे. आम्ही लहान असताना गावात लस टोचणाऱ्यांची टोळी आली होती आणि आईने आम्हा दोघांना चावडीच्या ओट्यावर एकापाठोपाठ एक नेऊन बसवले होते, असे ती सांगायची. भाऊ १९९१ साली, सव्विसाव्या वर्षी क्षयाने गेला. शेवटच्या आठवड्यात आईने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता. "टोचलं होतं की हो त्याला?" डॉक्टरांनी मान हलवली आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच. बी.कॉम. होऊन सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीवर बावीस वर्षे कीर्द-खतावणी लिहिली. शोधनिबंध वाचायला शिकलो ते शब्दकोश मांडीवर घेऊन, दुकान बंद झाल्यावर. आईच्या प्रश्नापासून सुरू झालेले हे वाचन पुढे हळदीपर्यंतच येऊन पोचेल, असे मात्र वाटले नव्हते. आणि त्या हळदीपायीच माझ्या हातून एक चूकही झाली. ती पुढे सांगतोच.

बीसीजी या नावातली शेवटची दोन अक्षरे दोन माणसांची आहेत. आल्बेर काल्मेत हे डॉक्टर आणि कामीय गेरँ हे जनावरांचे डॉक्टर. फ्रान्समधल्या लील शहरात १९०८ पासून ते गाईंना क्षय करणारा जंतू बटाटा, ग्लिसरीन आणि पित्त यांच्या मिश्रणावर वाढवत होते. पित्त घातले ते जंतूंच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. दर तीन आठवड्यांनी जंतू नव्या बटाट्यावर न्यायचा. असे तेरा वर्षांत २३० वेळा केले, मध्ये पहिले महायुद्ध झाले, लील जर्मनांच्या ताब्यात गेले, तरी हे चालूच. शेवटी जंतू जिवंत राहिला पण त्याचे विष गेले. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये एका नवजात बाळाला ही लस तोंडावाटे पाजली गेली. बाळाची आई क्षयाने गेली होती. आज शंभरहून अधिक वर्षे झाली. क्षयावर परवाना मिळून सर्रास वापरात असलेली दुसरी लस अजून आलेली नाही. माणसाला चंद्रावर जाऊन यायला याहून कमी वेळ लागला.

भारतात ती १९४८ मध्ये आली आणि १९५१ पासून मोठी मोहीम सुरू झाली. राजाजींनी १९५५ मध्ये या मोहिमेला जाहीर विरोध केला होता. तेव्हा त्यांची पुष्कळ टवाळी झाली. त्यांची सगळी कारणे शास्त्राला धरून होती असे मला वाटत नाही, पण लशीचा उपयोग किती, हा प्रश्न खोटा नव्हता. इंग्लंडमध्ये १९५० नंतर शाळकरी मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत बीसीजीने सुमारे ऐंशी टक्के संरक्षण दिले होते. तेच आपल्याकडे होईल असे गृहीत धरले गेले. मग १९६८ मध्ये मद्रासजवळच्या चिंगलपुट जिल्ह्यात जगातली सर्वांत मोठी बीसीजी चाचणी सुरू झाली. अडीच लाखांहून अधिक माणसे. काहींना लस, काहींना नुसते पाणी, कोणाला काय हे कोणालाच ठाऊक नाही. साडेसात वर्षांचा हिशेब १९७९ मध्ये छापून आला. मोठ्या माणसांच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून लशीने जवळजवळ काहीच संरक्षण दिले नव्हते. पुढे पंधरा वर्षांचा हिशेब आला, त्यानेही चित्र पालटले नाही.

आईने प्रश्न विचारला त्याच्या बारा वर्षे आधीच उत्तर छापलेले होते. ते वाचले त्या रात्री मला झोप आली नाही.

इथे थांबून एक सांगितले पाहिजे, नाहीतर पुन्हा गैरसमज व्हायचा. बीसीजी निरुपयोगी नाही. तान्ह्या मुलांना मेंदूच्या आवरणाचा क्षय होतो, सर्व अंगभर पसरणारा क्षय होतो, आणि तो फार लवकर जीव घेतो. त्यापासून ही लस चांगले संरक्षण देते. म्हणून जन्मल्याबरोबर ती टोचलीच पाहिजे. ती कमी पडते ती वयात आल्यावर, आणि खोकल्यातून रोग पसरवणारी माणसे याच वयाची असतात.

कमी का पडते, हे समजायला मला अडतीवरच्या कामाचा उपयोग झाला.

हळदीचा सौदा कसा होतो हे बाहेरच्यांना माहीत नसते. पोते शिवलेले असेल तर कोणी बोली लावत नाही. अडत्या पोते फोडतो, मूठभर हळकुंडे बाहेर काढतो, खरेदीदार त्यातले एखादे मोडून आतला रंग पाहतो आणि मग भाव बोलतो. शरीरातही असेच आहे. बाहेरून जंतू आला की भक्षक पेशी त्याला गिळतात. गिळल्यावर तो एका पिशवीत अडकतो. त्या पिशवीला आम्लाने भरलेली दुसरी पिशवी येऊन मिळते, जंतूचे तुकडे होतात आणि ते तुकडे पेशी आपल्या अंगावर मांडून दाखवते. ते पाहायला 'टी' पेशी येतात. त्या आपल्या खरेदीदार. तुकडा ओळखला की त्यांची फौज तयार होते, त्या इंटरफेरॉन-गॅमा नावाचे द्रव्य सोडतात आणि त्याने भक्षक पेशी आणखी तिखट होते.

क्षयाचा जंतू हा सौदाच होऊ देत नाही. तो ज्या पिशवीत असतो तिला आम्लाची पिशवी मिळू देत नाही. शिवलेल्या पोत्यात बसून राहतो, तिथेच वाढतो. बीसीजीचा जंतू याच कुळातला, त्यामुळे ही खोड त्यालाही आहे. म्हणजे लस टोचली, पेशींनी ती गिळली, पण पोते नीट फुटलेच नाही. नमुना थोडाच बाहेर आला आणि खरेदीदारांना अर्धवटच कळले.

दुसरे कारण आठवणीचे. टी पेशींमध्ये काही लगेच लढणाऱ्या असतात, त्या लढतात आणि बऱ्याचशा मरून जातात. काही मात्र लसीकाग्रंथींमध्ये वर्षानुवर्षे राहतात आणि शत्रू पुन्हा दिसला की नवी फौज उभी करतात. हंगामी हमाल आणि जुना मुकादम यांच्यात जो फरक, तोच. बीसीजी हमाल पुष्कळ गोळा करते, मुकादम कमी. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांत तिचा प्रभाव ओसरतो. भाऊ आजारी पडला तेव्हा त्याच्या दंडावर लशीची खूण होती, आठवण बहुधा उरली नव्हती. यांखेरीज आपल्याकडच्या मातीपाण्यात क्षयाच्या जंतूचे निरुपद्रवी भाऊबंद फार असतात आणि त्यांच्याशी आधीच ओळख झालेल्या शरीरावर लशीचा ठसा उमटत नाही, असेही एक मत आहे. चिंगलपुटचा निकाल समजून घेताना ते पुन्हा पुन्हा पुढे येते.

मग विचार असा आला की, नवी लस शोधण्याऐवजी आहे त्याच लशीला शरीराने नीट दाद द्यावी, असे काही करता येईल का? यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट सुरू होते ईस्टर बेटावर. १९६४ मध्ये कॅनडाहून एक वैद्यकीय पथक तिथे गेले आणि परतताना मातीचे नमुने घेऊन आले. त्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून माँट्रियलमध्ये सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय शास्त्रज्ञाने एक द्रव्य वेगळे केले. बेटाचे मूळ नाव रापा नुई, म्हणून द्रव्याचे नाव रॅपामायसिन. कंपनीने प्रयोगशाळा बंद केली तेव्हा सेहगलांनी तो सूक्ष्मजीव घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेत रॅपामायसिनला औषध म्हणून मान्यता मिळाली, आणि कशासाठी? मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाच्या शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून. म्हणजे प्रतिकारशक्ती दाबायला!

आता दुसरा धागा. पेशी उपाशी राहिली की स्वतःच्याच आतले जुनेपाने मोडून खाते. या स्वभक्षणाची यंत्रणा उलगडल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले. रॅपामायसिनने पेशी उपाशी नसतानाही ही यंत्रणा सुरू होते. २००४ मध्ये अमेरिकेत व्होयो डेरेटिक यांच्या गटाने दाखवले की, भक्षक पेशींमध्ये स्वभक्षण सुरू केले तर क्षयाच्या जंतूच्या पिशवीला आम्लाची पिशवी मिळते. पोते फुटते! २००९ मध्ये ह्यूस्टनच्या चिन्नास्वामी जगन्नाथ यांच्या गटाने हे लशीला लावून पाहिले. बीसीजी गिळलेल्या पेशींना रॅपामायसिन दिले तर त्या जंतूचे तुकडे टी पेशींना अधिक दाखवतात, आणि अशा पेशी टोचलेल्या उंदरांना क्षयापासून अधिक संरक्षण मिळते. त्याच वर्षी हैदराबादेत जन्मलेले रफी अहमद यांच्या गटाने दाखवले की, रॅपामायसिन योग्य मात्रेत दिले तर टी पेशींची आठवण सुधारते. प्रतिकार दाबणारे औषध प्रतिकाराला शिकवतेही. मात्रा आणि वेळ यांवर सगळे अवलंबून. आपल्या जुन्या वैद्यांना यात नवल वाटले नसते.

पण धडधाकट बाळांना अवयवरोपणाचे औषध कोण देणार? सौम्य काही हवे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात गोवर्धन दास यांच्या गटाने हळदीतल्या कर्क्युमिनचे अतिसूक्ष्म कण करून पाहिले. २०१९ मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे या कणांनी नमुना दाखवणाऱ्या पेशींमध्ये स्वभक्षण वाढते, आणि बीसीजीबरोबर ते दिले तर उंदरांत आठवण ठेवणाऱ्या टी पेशी, म्हणजे आपले मुकादम, वाढतात आणि क्षयापासून संरक्षण सुधारते.

हे वाचले तेव्हा मी अक्षरशः उठून उभा राहिलो. सांगलीच्या यार्डात बसलेला हळदीचा दिवाणजी, त्याचा भाऊ क्षयाने गेलेला, आणि दिल्लीत कोणीतरी हळदीने क्षयाची लस सुधारतो आहे. जखमेवरच्या हळदीचे अमेरिकन पेटंट माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपण १९९७ मध्ये रद्द करून घेतले होते, तो अभिमानही मनात होताच. मी एका स्थानिक दैनिकाच्या पुरवणीत लेख लिहिला. उंदीर हा शब्द त्यात एकदाच आला होता, तोही शेवटच्या परिच्छेदात. मथळा संपादकाने दिला, पण त्याला दोष देत नाही. मजकूर माझाच होता.

दोन वर्षांनी यार्डातल्या एका हमालाला क्षय झाला. सरकारी गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या महिन्यात त्याने त्या सोडल्याचे मला उशिराच कळले. खोकला थांबला होता, गोळ्यांनी मळमळायचे, आणि घरी लेखाचे कात्रण होते. मी रागावलो तेव्हा तो म्हणाला, "तुमीच लिवलं हुतं की दिवाणजी. हळदीनं टीबी हटतो म्हून. मी रोज चमचाभर दुधातनं घेतोय." मी तसे लिहिले नव्हते. पण त्याला तसे वाटेल असेच लिहिले होते.

त्याला घेऊन मी दवाखान्यात गेलो. नशीब एवढेच की जंतू औषधांना निगरगट्ट झालेला नव्हता. गोळ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या.

तेव्हा ज्या गोष्टी सांगायच्या राहिल्या त्या आता सांगतो. दुधातल्या हळदीतले कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारसे जातच नाही आणि जे जाते ते यकृत लगेच मोडते. सूक्ष्म कण करावे लागले ते याचसाठी. ते कण म्हणजे हळद नव्हे, जसे पेनिसिलिन म्हणजे बुरशी आलेली भाकरी नव्हे. शिवाय तो प्रयोग लशीचा होता. आजार झाल्यावर जंतू मारायचे काम औषधांचेच. आणि उंदीर हा माणूस नाही. प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या उंदरांच्या फुफ्फुसात माणसासारख्या पोकळ्या सहसा होत नाहीत. ऑक्सफर्डमध्ये तयार झालेली एमव्हीए-८५ए ही बीसीजीला जोड देणारी लस प्राण्यांमध्ये आशादायक ठरली होती. दक्षिण आफ्रिकेत सुमारे २८०० बाळांवर चाचणी झाली आणि २०१३ मध्ये निकाल आला की, बीसीजीच्या संरक्षणात तिने म्हणण्यासारखी भर घातली नाही. कित्येकांची उमेदीची वर्षे त्यात गेली होती.

माणसांपर्यंत पोचलेले प्रयत्न वेगळे आहेत. बर्लिनमध्ये श्टेफान काउफमान यांच्या गटाने बीसीजीतच फेरफार केला. आम्ल निष्प्रभ करणारे तिचे एक जनुक काढले आणि लिस्टेरिया नावाच्या जंतूचे, पिशवीला भोके पाडणारे प्रथिन तिच्यात घातले. हे प्रथिन आम्लातच काम करते, म्हणून आधी ते जनुक काढायचे. पोते आतूनच फोडायची ही युक्ती. ही व्हीपीएम-१००२ लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे आली आणि २०१९ पासून भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने आणखी एका लशीबरोबर तिची चाचणी रुग्णांच्या घरातल्या सुमारे १२,००० माणसांवर घेतली.

सर्वांत जास्त आशा आहे ती एम-७२ या लशीवर. तिच्यात जिवंत जंतू नाही, जंतूची दोन प्रथिने जोडून केलेला एक तुकडा आहे. नुसता तुकडा टोचला तर शरीर ढुंकून पाहत नाही. त्याच्याबरोबर 'जागल्या' द्यावा लागतो, इंग्रजीत त्याला ॲडज्युव्हंट म्हणतात. हे तंत्र १९२० च्या दशकापासूनचे. फ्रान्सचे गास्ताँ रामाँ घोड्यांना लस टोचताना तिच्यात साबुदाण्याच्या जातीचा टॅपिओका घालून पाहत, म्हणजे टोचल्या जागी सूज येई आणि प्रतिकार वाढे. एम-७२ मधला जागल्या चिलीतल्या किलाया झाडाच्या सालीतले द्रव्य आणि एका जंतूच्या आवरणातले निर्विष केलेले द्रव्य यांचा आहे. केनिया, झांबिया, दक्षिण आफ्रिकेत साडेतीन हजारांहून अधिक प्रौढांवर चाचणी झाली. सगळ्यांच्या अंगात जंतू आधीच शिरलेला, पण आजार नाही. तीन वर्षांत लस घेतलेल्यांपैकी १३ जणांना फुफ्फुसाचा क्षय झाला, न घेतलेल्यांपैकी २६ जणांना. म्हणजे जवळपास निम्मे संरक्षण. २०२४ मध्ये सुमारे २०,००० लोकांची मोठी चाचणी सुरू झाली. झाडाच्या सालीचा गुण खरा ठरला, पण तो साल उगाळून पिऊन नव्हे.

'प्रतिकारशक्ती वाढवा' हे वाक्य कोरोनानंतर काढ्याच्या बाटलीपासून बिस्किटाच्या पुड्यापर्यंत सगळीकडे दिसते. क्षयाच्या बाबतीत ते धोक्याचेही आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये ट्यूबरक्युलिन हे क्षयावरचे औषध म्हणून जाहीर केले. जंतूच्या अर्काने रुग्णाचा प्रतिकार खवळायचा, पण तो असा खवळला की कित्येक रुग्ण त्यातच गेले. फुफ्फुसात ज्या पोकळ्या पडतात त्या बऱ्याच अंशी आपल्याच प्रतिकाराने पाडलेल्या असतात. टी पेशींना आवर घालणारा पीडी-१ नावाचा लगाम असतो. तो नसलेले उंदीर क्षयाने लवकर मरतात, आणि कर्करोगासाठी हा लगाम सोडणारी औषधे घेतलेल्या काही रुग्णांना क्षय उफाळल्याचे आढळले आहे. उलट संधिवातासाठी टीएनएफ दाबणारी औषधे दिली तरी क्षय उफाळतो. कमी नको, जास्तही नको. म्हणून 'वाढवणे' हा शब्द मी आता वापरत नाही. शरीराला शिकवायचे असते.

एक गोष्ट मात्र निर्विवाद वाढवावी अशी आहे, आणि तिच्यासाठी सूक्ष्म कण लागत नाहीत. झारखंडमध्ये अनुराग भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरुग्णांच्या घरातल्या १०,३४५ माणसांवर एक प्रयोग केला. अर्ध्या घरांत फक्त रुग्णाला शिधा, उरलेल्या घरांत घरच्या सगळ्यांना: माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या. २०२३ मध्ये निकाल आला. घरभर शिधा मिळालेल्यांत नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला, आणि थुंकीच्या तपासणीत सिद्ध झालेला ४८ टक्क्यांनी. एम-७२ चा आकडा पुन्हा पाहा. चाचण्या वेगळ्या, माणसे वेगळी, हे मान्य. पण डाळ-तांदूळ एका नव्या लशीच्या शेजारी बसण्याइतके काम करतात. उपाशी शरीरातल्या टी पेशी शिकतच नाहीत, मग गुरुजी कितीही चांगला असो.

भाऊ आजारी पडला त्या वर्षी आमच्या घरी दोन वेळा चूल पेटत नसे. हे मी आजवर कुठे लिहिले नव्हते.

तो हमाल आता बरा आहे. उपचार पुन्हा सुरू झाले तेव्हा यार्डातल्याच काट्यावर त्याचे वजन ४३ किलो भरले होते. पोषणासाठी सरकारकडून महिन्याला पाचशे रुपये खात्यावर येत असत, ते आता हजार झाले आहेत. त्याचे पहिले चार हप्ते बँकेच्या चुकीच्या खाते क्रमांकात अडकले होते, तो कागद मी दुरुस्त करून दिला. हिशेबाचे काम मला येते. डाळीचे पोते आमच्या पेढीवाल्या शेठनी दिले. घरच्या चारही जणांची तपासणी करून घेतली. धाकट्या मुलीच्या दंडाला मी हात लावून पाहिला. व्रण होता. तिचे वय चौदा.